जुन्या पीएचपी प्रोजेक्टला पीएचपीस्टॅन कसं लावायचं: लेव्हल शून्यापासून पुढे

पीएचपीत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीची एक एरर आहे: नलवर, म्हणजे जिथे काही व्हॅल्यूच नाही तिथे, मेथड बोलावली म्हणून प्रोग्राम थांबला. ज्या ओळीवर ती येते ती ओळ कितीतरी महिने तिथेच असते. टेस्टिंग करताना आपण नेहमी लॉगिन केलेले असतो, त्यामुळे काही होत नाही. मग एके दिवशी कुणीतरी लॉगिन न करता ऑर्डर देतं आणि लाइव्ह साइटवर पांढरं पान येतं. चूक कोडमध्येच लिहिलेली होती. शांतपणे वाचणाऱ्याला ती कोड न चालवताही दिसली असती, पण शेकडो फाइली इतक्या बारकाईने वाचायला कुणाकडे वेळ असतो?

हे वाचनाचं काम स्टॅटिक अ‍ॅनालिसिस करणारी टूल्स करतात. हा लेख त्यांतल्या पीएचपीस्टॅनबद्दल आहे. क्लास, ऑब्जेक्ट, इंटरफेस म्हणजे काय हे ज्यांना येतं, आणि ज्यांच्या हातात नोकरीच्या पहिल्या आठवड्यात कुणाचा तरी आठ-दहा वर्षं जुना प्रोजेक्ट आला आहे, त्यांच्यासाठी तो लिहिला आहे. कोऱ्या प्रोजेक्टला हे टूल लावणं अगदी सोपं असतं, त्यासाठी लेखाची गरज नाही.

एक सूचना आधीच. उदाहरणांत नावांसोबत पीएचपीचे राखीव शब्दही देवनागरीत लिहिले आहेत. क्लास, फंक्शन आणि व्हेरिएबल यांची देवनागरी नावं पीएचपीला खरोखर चालतात. राखीव शब्द, सेटिंगमधली नावं आणि टर्मिनलवरचे आदेश मात्र रोमन अक्षरांतच टाइप करायचे.

पीएचपीत टाइप कुठून आले

रास्मुस लेर्डॉर्फ यांनी १९९५मध्ये पीएचपी लोकांसमोर आणलं तेव्हा ते वेब पानांसाठीचं एक छोटं साधन होतं, आणि टाइप लिहून ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. २००४च्या पीएचपी ५मध्ये ऑब्जेक्टची पद्धत नव्याने बांधली गेली आणि पॅरामीटरला क्लासचं नाव लावता येऊ लागलं. इंट, स्ट्रिंग असे साधे टाइप आणि रिटर्न टाइप आले ते डिसेंबर २०१५च्या पीएचपी ७.०मध्ये. "ही व्हॅल्यू नल असू शकते" हे प्रश्नचिन्ह लावून सांगायची सोय ७.१मध्ये आली. क्लासच्या प्रॉपर्टीला टाइप लावायला २०१९ची ७.४ उजाडावी लागली, आणि "इंट किंवा स्ट्रिंग" असे जोड टाइप २०२०च्या ८.०मध्ये आले.

हा क्रम माहीत असणं उपयोगाचं आहे, कारण जुन्या प्रोजेक्टमध्ये हे सगळे थर एकाच वेळी सापडतात. एका फाइलीत एकही टाइप नाही, दुसरीत फक्त डॉक-कॉमेंटमध्ये (फंक्शन किंवा क्लासच्या वर लिहिलेल्या माहितीच्या कॉमेंटमध्ये) टाइप लिहिलेले, तिसरीत सगळं आधुनिक. शिवाय तुम्ही टाइप लिहिले तरी पीएचपी ते तपासतं त्या ओळीपर्यंत प्रोग्राम पोचल्यावरच. ज्या फांदीत कुणी शिरलंच नाही, तिथली चूक झोपून राहते.

पीएचपीस्टॅन कोड चालवत नाही. ते प्रत्येक फाइल वाचून तिचं व्याकरणाचं झाड बनवतं आणि प्रत्येक ओळीवर प्रत्येक व्हेरिएबलमध्ये काय काय असू शकतं याची नोंद ठेवत पुढे जातं. इफमध्ये शिरताना ती नोंद अरुंद होते, बाहेर पडताना पुन्हा एकत्र होते. "$ग्राहक नल असेल तर इथूनच रिटर्न" असं लिहिलं की खालच्या ओळीपासून त्याच्या लेखी $ग्राहक नल नसतो. टूलचं हे डोकं कसं चालतं ते कळलं की त्याचे निम्मे आक्षेप आपोआप समजतात.

चेक प्रोग्रामर ओंद्रे मिर्टेस यांनी ते डिसेंबर २०१६मध्ये प्रसिद्ध केलं. १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२१ची, २.० नोव्हेंबर २०२४ची. व्हिमिओ कंपनीतून आलेलं साम आणि एट्सीत जन्मलेलं फॅन ही याच जातीची आणखी दोन टूल्स. सुरुवातीला त्यांतलं एकच घ्या. पीएचपीस्टॅन घ्या म्हणते ते त्याच्या लेव्हलच्या पायऱ्यांमुळे: शून्यापासून दहापर्यंत प्रत्येक लेव्हलवर तपासणी थोडी जास्त कडक होते. जुन्या कोडला त्या फार मानवतात.

पायरी १: बसवणं

२.० आवृत्ती चालायला मशीनवर पीएचपी ७.४ किंवा नंतरचं लागतं. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जाऊन कंपोझरला (पीएचपीची पॅकेजेस बसवणाऱ्या टूलला) सांगा:

कंपोझर रिक्वायर --डेव्ह पीएचपीस्टॅन/पीएचपीस्टॅन

डेव्ह हा पर्याय विसरू नका. हे टूल डेव्हलपरच्या मशीनवर आणि सीआयमध्ये (कोड पाठवला की आपोआप तपासण्या चालवणाऱ्या यंत्रणेत) लागतं, लाइव्ह सर्व्हरवर त्याचं काही काम नाही.

आता, पहिल्या रनच्या आधी, प्रोजेक्ट कोणत्या फ्रेमवर्कवर आहे ते बघा. लारावेल असेल तर लारास्टॅन बसवा. सिम्फनी आणि डॉक्ट्रिनसाठी पीएचपीस्टॅनची स्वतःची एक्स्टेन्शन्स आहेत, वर्डप्रेससाठीही वेगळं पॅकेज मिळतं. नवीन माणूस नेमकी हीच पायरी गाळतो. लारावेलच्या मॉडेलमध्ये टेबलाचे कॉलम प्रॉपर्टी म्हणून वापरता येतात, पण क्लासमध्ये ती प्रॉपर्टी कुठेच लिहिलेली नसते. फ्रेमवर्क ती जादूच्या मेथडमधून पुरवतं. नुसतं पीएचपीस्टॅन लावलं की ते अशा प्रत्येक ठिकाणी "ही प्रॉपर्टी सापडत नाही" म्हणणार, स्क्रीन भरून जाणार, आणि तुम्ही "आमच्या प्रोजेक्टला हे चालत नाही" असं ठरवून मोकळे होणार. एक्स्टेन्शन त्याला फ्रेमवर्कच्या सवयी शिकवतं.

पायरी २: सेटिंगची फाइल

प्रोजेक्टच्या मुळाशी पीएचपीस्टॅन.निऑन या नावाची फाइल करा. निऑन हा वायएएमएलसारखा दिसणारा प्रकार आहे. एकाच फाइलीत टॅब आणि स्पेस यांची सरमिसळ करू नका. त्यात सुरुवातीला दोनच गोष्टी पुरतात: पाथ्स या यादीत तुमच्या कोडचं आणि टेस्टचं फोल्डर, आणि लेव्हल शून्य. कंपोझरने आणलेली पॅकेजेस जिथे असतात ते व्हेंडर फोल्डर पाथ्समध्ये घालू नका. तिथले क्लास टूल गरजेप्रमाणे वाचतं, त्यांच्यातल्या चुका शोधणं तुमचं काम नाही.

प्रोजेक्ट खूपच जुना असेल, कंपोझरच्या ऑटोलोडऐवजी (ते क्लासची फाइल आपोआप शोधून आणतं) फाइली हाताने इन्क्लूड केलेल्या असतील, तर क्लास कुठे आहेत हे टूलला सांगावं लागतं. त्यासाठी स्कॅन-डिरेक्टरीज हा पर्याय आहे. कॉन्स्टंट डिफाइन करणारी एखादी फाइल असेल तर ती बूटस्ट्रॅप-फाइल्समध्ये द्या.

जुन्या कोडसाठी आणखी एक सेटिंग सुरुवातीलाच लावा: "डॉक-कॉमेंटमधले टाइप पक्के धरा" हा पर्याय बंद करा. ट्रीट-पीएचपीडॉक-टाइप्स-अ‍ॅज-सर्टन असं त्याचं लांबलचक नाव आहे. त्याचं कारण लेव्हल चारपाशी येईल.

पायरी ३: पहिला रन

व्हेंडर/बिन/पीएचपीस्टॅन अ‍ॅनालाइज

मेमरी कमी पडली म्हणून रन मध्येच थांबला तर --मेमरी-लिमिट=१जी हा पर्याय जोडा. पहिला रन सगळ्यात हळू असतो. पुढच्या वेळी बदललेल्या फाइली आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या फाइली एवढ्याच पुन्हा तपासल्या जातात.

लेव्हल शून्यावर टूल मूलभूत गोष्टी बघतं: क्लास, फंक्शन अस्तित्वात आहे का, धिस वरून बोलावलेली मेथड आहे का, आर्ग्युमेंटची संख्या बरोबर आहे का, कधीच न भरलेलं व्हेरिएबल वापरलंय का. "क्लास सापडला नाही" अशा एरर थव्याने आल्या तर कोडला हात लावू नका. बहुतेक वेळा ऑटोलोडची वाट चुकलेली असते. ती सेटिंगमध्ये दुरुस्त केली की सगळा थवा एकदम उठतो. उरलेल्या एरर मात्र खऱ्या असतात, आणि थोड्या असतात. कुणी तरी मेथडचं नाव बदललेलं, एका कोपऱ्यातल्या रिपोर्टच्या पानावर जुनं नाव राहिलेलं. या सगळ्या दुरुस्त करा. लेव्हल शून्यावरची एकही एरर बाजूला ठेवण्याजोगी नसते.

पायरी ४: लेव्हल एक ते पाच

सेटिंगमधला आकडा एकाने वाढवा, रन करा, दुरुस्त करा, कमिट करा. प्रत्येक लेव्हलचा वेगळा कमिट ठेवा, म्हणजे कोणता बदल कशासाठी झाला ते नंतर शोधता येतं.

लेव्हल एक "कदाचित न भरलेलं" व्हेरिएबल दाखवतं, म्हणजे फक्त इफच्या आत भरलेलं आणि बाहेर वापरलेलं. लेव्हल दोन धिसच्या पलीकडे जाऊन कोणत्याही ऑब्जेक्टवरची न सापडणारी मेथड दाखवतं आणि डॉक-कॉमेंटही तपासू लागतं. लेव्हल तीन रिटर्न टाइप आणि प्रॉपर्टीत ठेवलेली व्हॅल्यू बघतं. इथपर्यंतची वाट साधारण सरळ असते.

लेव्हल चारवर थांबून नीट वाचा. हे लेव्हल मेलेला कोड शोधतं: रिटर्ननंतरच्या ओळी, कधीच खरी न होणारी अट. आता समजा जुन्या मेथडच्या डॉक-कॉमेंटमध्ये "रिटर्न: ग्राहक" असं लिहिलंय, प्रत्यक्षात ती कधीकधी नलही देते. खाली कुणीतरी शहाण्या माणसाने "नल नसेल तरच" अशी अट घातली आहे. टूल डॉक-कॉमेंटवर विश्वास ठेवून म्हणतं, ही अट नेहमीच खरी आहे. नवीन माणूस टूलवर विश्वास ठेवून अट काढून टाकतो. दुसऱ्या दिवशी लाइव्हवर तीच पांढरी पानं. वर जो पर्याय बंद करायला सांगितला तो यासाठी. तो बंद असला की "नेहमीच खरं" हा शेरा पीएचपीने स्वतः तपासलेल्या खऱ्या टाइपच्या आधारावरच मिळतो, आणि तेव्हा तो मानायला हरकत नसते. पुढे डॉक-कॉमेंटचे टाइप खरे टाइप म्हणून लिहून झाले की पर्याय पुन्हा चालू करा.

लेव्हल पाच मेथडला दिलेल्या आर्ग्युमेंटचे टाइप तपासतं, आणि वेब प्रोग्रामिंगमध्ये याचं मोल मोठं आहे. ब्राउझरच्या फॉर्ममधून येणारी प्रत्येक गोष्ट स्ट्रिंग असते किंवा अ‍ॅरे असते. "नग" या खान्यात माणसाने ५ लिहिलं तरी तुमच्याकडे येतं ते "५" हे अक्षर. पीएचपी नेहमीच्या पद्धतीत अशा स्ट्रिंगचा चुपचाप आकडा करून देतं. फाइलीच्या पहिल्या ओळीत स्ट्रिक्ट-टाइप्स एक असं जाहीर केलं की ते हा उपकार थांबवतं आणि टाइपएरर फेकतं. ही घोषणा फाइलीपुरती असते, आणि ज्या फाइलीतून फंक्शन बोलावलं तिला लागू होते. नवीन प्रत्येक फाइलीत ती लिहा. जुन्या फाइलीत मात्र लेव्हल पाच स्वच्छ झाल्यावरच लिहा, कारण तिने प्रोग्रामचं चालतं वागणं बदलतं. आधी टूलने दाखवलेली धोक्याची ठिकाणं दुरुस्त करायची, मग कुलूप लावायचं.

पायरी ५: बेसलाइन

मोठ्या प्रोजेक्टमध्ये कुठल्या तरी लेव्हलला एररचा आकडा असा येतो की सगळ्या दुरुस्त करायला महिने जातील. त्यासाठी बेसलाइन आहे. --जनरेट-बेसलाइन या पर्यायाने रन केलं की आजच्या सगळ्या एररची यादी एका वेगळ्या निऑन फाइलीत लिहिली जाते: कोणती फाइल, कोणता शेरा, किती वेळा. ती फाइल मुख्य सेटिंगमध्ये इन्क्लूड केली की आजच्या एरर दिसायच्या थांबतात आणि फक्त नव्याने घातलेली चूक दिसते.

बेसलाइन म्हणजे उधारीची वही आहे, आणि ती वहीसारखीच सांभाळायची. तुम्ही एखादी जुनी एरर दुरुस्त केली की टूल स्वतःच सांगतं की यादीतली ही नोंद आता लागू पडत नाही. ती नोंद पुसायची. म्हणजे यादी कमीच होत जाते. तिचं एकच मोठं दुखणं आहे: पुल रिक्वेस्ट (आपला बदल मुख्य कोडमध्ये घ्या अशी विनंती) तपासणीत पास होऊन हिरवी होत नाही म्हणून कुणीतरी बेसलाइन पुन्हा जनरेट करतं आणि आपली ताजी चूक जुन्यांत मिसळून टाकतं. टीममध्ये नियम ठेवा की पुल रिक्वेस्टमध्ये बेसलाइनच्या ओळी कमी झालेल्या चालतील, वाढलेल्या चालणार नाहीत. रिव्ह्यू करणाऱ्याला हे एका नजरेत दिसतं.

पाचव्या लेव्हलवर बेसलाइन करावी असं माझं मत आहे. पहिल्याच दिवशी सगळ्यात वरचं लेव्हल लावून हजारो एररची बेसलाइन करणारेही आहेत, आणि नवीन कोडपुरतं ते चालतं. पण शिकणाऱ्याच्या दृष्टीने त्यात तोटा आहे: एकही लेव्हल हाताने साफ न केल्यामुळे शेरे वाचायची सवयच लागत नाही.

पायरी ६: सीआयमध्ये जोडणं

एरर असली की पीएचपीस्टॅन शून्याव्यतिरिक्त एक्झिट कोड देतं, म्हणून गिटहब किंवा गिटलॅबच्या कोणत्याही पाइपलाइनमध्ये ती एक ओळ टाकली की काम झालं. ही पायरी लेव्हल पाचच्या पुढे वाढवण्याच्या आधी करा. सीआयमध्ये नसलेलं टूल दोन आठवड्यांत विसरलं जातं.

पायरी ७: सहा, म्हणजे अ‍ॅरेच्या पोटात काय आहे

लेव्हल सहा प्रत्येक पॅरामीटर, प्रॉपर्टी आणि रिटर्नला टाइप मागतं. नुसतं "अ‍ॅरे" लिहिलेलं त्याला पुरत नाही. आत काय आहे तेही सांगा म्हणतं. पीएचपीत अ‍ॅरेच्या आतला टाइप लिहायची सोय नाही, म्हणून तो डॉक-कॉमेंटमध्ये लिहायचा:

@रिटर्न लिस्ट<ऑर्डरओळ>

हे लिहिलं की फॉरईचमध्ये येणारा प्रत्येक घटक ऑर्डरओळ आहे हे टूलला कळतं, एडिटरलाही कळतं. याच जागी पीएचपीला स्वतःला न येणारे बारीक टाइपही लिहिता येतात: रिकामी नसलेली स्ट्रिंग, शून्याहून मोठा इंट, १ ते १०० मधला इंट.

जुन्या कोडमध्ये नाव, पत्ता, पिनकोड अशा कीज असलेला अ‍ॅरे दहा फंक्शन्समधून फिरताना दिसतो. त्याचा आकार डॉक-कॉमेंटमध्ये कंसात लिहिता येतो, पण प्रत्येक फंक्शनवर तीच लांब ओळ चिकटवत बसू नका. अ‍ॅरे दोनपेक्षा जास्त फंक्शन्सना भेटत असेल तर त्याचा छोटा क्लास करा. पीएचपी ८.० पासून कन्स्ट्रक्टरमध्येच प्रॉपर्टी जाहीर करता येते आणि ८.१ पासून तिला रीडओन्ली करता येतं, त्यामुळे असा क्लास पाच-सहा ओळींत होतो.

एखाद्या ओळीवर टूलला नेमकं काय वाटतंय ते कळत नसेल तर पीएचपीस्टॅनचं डम्पटाइप हे फंक्शन त्या ओळीवर लिहून रन करा. त्या जागी त्या व्हेरिएबलचा टाइप काय आहे ते एररच्या रूपात छापून येतं. काम झालं की ओळ काढून टाका.

पायरी ८: सात आणि आठ, म्हणजे नल

लेव्हल सात जोड टाइपमधला एक भाग चुकत असेल तरी बोलतं. पीएचपीची बरीच जुनी फंक्शन्स अपयश आलं की फॉल्स देतात: फाइल वाचणारं, ठरावीक फॉरमॅटमधून तारीख बनवणारं. त्यांचा निकाल न तपासता पुढे वापरलेला असतो, ती ठिकाणं इथे दिसतात.

लेव्हल आठ नलचं आहे, आणि मला विचाराल तर या सगळ्या खटाटोपाचा गाभा हाच. एक उदाहरण जवळून बघू.

फंक्शन बिलाचा_ईमेल(ऑर्डर $ऑर्डर): स्ट्रिंग
{
    रिटर्न $ऑर्डर->ग्राहक()->ईमेल();
}

ऑर्डरच्या ग्राहक() मेथडचा रिटर्न टाइप आहे ?ग्राहक, म्हणजे ग्राहक किंवा नल. लेव्हल सातपर्यंत टूल यावर गप्प असतं. आठवर ते म्हणतं: ग्राहक किंवा नल यावर ईमेल() ही मेथड बोलावता येत नाही.

हात पहिल्यांदा जातो तो नलसेफ बाणाकडे, पीएचपी ८.०मध्ये आलेल्या प्रश्नचिन्हाच्या बाणाकडे. तो लावला की ही एरर जाते आणि त्याच ओळीवर दुसरी येते: फंक्शन स्ट्रिंग देईन म्हणतंय, पण नल देऊ शकतं. मग रिटर्न टाइपला प्रश्नचिन्ह लावायचं. मग हे फंक्शन जिथून बोलावलंय तिथे तीच तक्रार. नल असा एकेक फाइल पुढे सरकतो आणि शेवटी मेल पाठवणाऱ्या कोडपर्यंत पोचतो. दुसरा मोह म्हणजे नल असेल तर रिकामी स्ट्रिंग द्यायची. त्याने टूल शांत होतं आणि बिल कुणालाच न जाता हरवतं. एररपेक्षा हे वाईट.

टूलने इथे खरं तर एक प्रश्न विचारला आहे: ग्राहकाशिवाय ऑर्डर असू शकते का? याचं उत्तर कोडमध्ये नाही. ते दुकान चालवणाऱ्याकडे आहे, प्रोजेक्ट मॅनेजरकडे आहे. त्यांना जाऊन विचारा.

"असू शकते, आपण लॉगिन न करता खरेदी करू देतो" असं उत्तर आलं, तर बिलाचा ईमेल ग्राहकाकडून घेणंच चुकीचं आहे. तो ऑर्डरवर हवा, ऑर्डर नोंदवतानाच भरलेला. मग फंक्शनमध्ये $ऑर्डर->ईमेल() एवढंच उरतं आणि नलचा विषय संपतो.

"शक्यच नाही" असं उत्तर आलं, तर प्रश्नचिन्ह कुठून आलं ते शोधत मागे जा. बहुतेक वेळा एकच गोष्ट सापडते: आधी रिकामी ऑर्डर बनवतात आणि मग सेटरने एकेक गोष्ट भरतात. त्या मधल्या काळात ग्राहक खरोखर नल असतो, म्हणून टाइपला प्रश्नचिन्ह लावावं लागलं. सेटर काढा, ग्राहक कन्स्ट्रक्टरमध्ये मागा, प्रश्नचिन्ह पुसा. ही एक दुरुस्ती केली की पंचवीस-तीस ठिकाणच्या तक्रारी एकदम गेलेल्या दिसतात, आणि त्यांतल्या एकाही ठिकाणी इफ लिहावा लागत नाही.

डेटाबेसमधून शोधून आणणाऱ्या क्लासला दोन मेथड ठेवायची पद्धत यासाठीच चांगली आहे. शोधा($आयडी) हिचा टाइप ?ग्राहक, सापडला नाही तर नल, आणि बोलावणाऱ्याने त्याचा विचार करायचा. मिळवा($आयडी) हिचा टाइप ग्राहक. सापडला नाही तर ती एक्सेप्शन फेकते. आयडी यूआरएलमधून आला असेल तर पहिली वापरा आणि चारशे चारचं पान दाखवा. आयडी तुमच्याच दुसऱ्या टेबलातून आला असेल तर दुसरी.

आणखी एक बारकी गोष्ट. इफमध्ये $ऑर्डर->ग्राहक() नल नाही हे तपासलं आणि आत पुन्हा $ऑर्डर->ग्राहक() बोलावलं, तर कधीकधी टूल तरीही तक्रार करतं. दोन बोलावण्यांच्या मध्ये ऑर्डर बदलली असेल ही शक्यता ते सोडत नाही, आणि ते बरोबरच आहे. एकदाच बोलावून व्हेरिएबलमध्ये घ्या आणि ते व्हेरिएबल तपासा.

टूलला खोटं सांगू नका

टूलचं तोंड बंद करायचे दोन मार्ग आहेत. पहिला, ओळीवर @पीएचपीस्टॅन-इग्नोर लिहिणं. तो लिहावाच लागला तर त्यापुढे एररचा ओळखशब्द लिहा, म्हणजे तेवढाच शेरा दबतो आणि त्या ओळीवर उद्या येणारी दुसरी चूक दिसत राहते. कारणही शेजारी लिहा.

दुसरा मार्ग जास्त फसवा आहे: ओळीच्या वर @व्हार लिहून "यात ग्राहक आहे" असं ठोकून देणं. टूलला व्हॅल्यूबद्दल स्वतःला काही माहीत नसेल तर ते तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतं, आणि पीएचपी ही कॉमेंट वाचतच नाही. म्हणजे तपासणी कुणीच करत नाही. त्याऐवजी इन्स्टन्सऑफने विचारा आणि नसेल तर एक्सेप्शन फेका. टूलला तेवढाच टाइप कळतो, आणि तुमचा अंदाज चुकला असेल तर प्रोग्राम त्याच जागी थांबून सांगतो.

नऊ, दहा आणि दारावरची तपासणी

लेव्हल नऊ मिक्स्ड टाइपबद्दल, म्हणजे "यात काहीही असू शकतं" अशा टाइपबद्दल, कडक आहे. मिक्स्ड व्हॅल्यू दुसऱ्या मिक्स्डला देण्यापलीकडे काही करू देत नाही. २.० मध्ये आलेलं लेव्हल दहा हेच न लिहिलेल्या टाइपलाही लावतं. पोस्टमधून आलेला डेटा, जेसन-डीकोडचा निकाल, हे सगळं मिक्स्डच. "नग" हा खाना कुणीही अ‍ॅरे म्हणून पाठवू शकतो, त्यासाठी खान्याच्या नावापुढे चौकोनी कंस लावणं पुरतं. तुमच्या फॉर्ममध्ये तसं नाही याला काही अर्थ नाही. म्हणून बाहेरून आलेली प्रत्येक गोष्ट आत शिरतानाच तपासा आणि टाइप असलेल्या ऑब्जेक्टमध्ये भरा. फिल्टर-व्हारला इंटची तपासणी सांगितली तर ते इंट किंवा फॉल्स देतं. फॉल्स आला तर तिथूनच ग्राहकाला परत पाठवा. हे कंट्रोलरमध्ये नीट केलं की आतल्या क्लासमध्ये मिक्स्ड पोचतच नाही. जुन्या प्रोजेक्टला आठवर आणून ठेवणं हे पहिल्या वर्षाचं चांगलं ध्येय आहे. नऊ फक्त नव्याने लिहिलेल्या फोल्डरला लावा, त्यासाठी वेगळी निऑन फाइल करता येते.

टाइप बरोबर, व्हॅल्यू चूक

काही चुका कोणत्याही लेव्हलला दिसणार नाहीत. ठरावीक फॉरमॅटमधून तारीख बनवणाऱ्या फंक्शनला ३१-०२-२०२४ द्या. ते फॉल्स देत नाही. ते २ मार्च २०२४ ही तारीख देतं, आणि तिचा टाइप अगदी बरोबर असतो. अशा गोष्टींसाठी टेस्ट लिहाव्याच लागतात.

पैशांचंही तसंच. रुपये इंट, पैसेही इंट. रेझरपेसारखे पेमेंट गेटवे रक्कम पैशांत घेतात, म्हणजे ५०० रुपयांसाठी ५०००० पाठवायचे. तुम्ही ५०० पाठवले तर टूलच्या दृष्टीने काहीच बिघडलेलं नाही, आणि ग्राहकाकडून ५ रुपये घेतले जातात. इथे टाइप तुम्हीच घडवायचा. रक्कम नावाचा क्लास करा, आत पैसे इंटमध्ये ठेवा, कन्स्ट्रक्टर प्रायव्हेट करा आणि ऑब्जेक्ट बनवायच्या दोनच वाटा ठेवा: रुपयांतून() आणि पैशांतून(). किंमत घेणाऱ्या प्रत्येक मेथडच्या पॅरामीटरला इंटच्या जागी रक्कम लावा. मग कुणी नुसता ५०० हा आकडा पुढे दिला की तो लेव्हल पाचवरच अडतो.